सशाच्या मानेवर कोंडा आणि केसांचे पुंजके: काय असेल?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन वर्षांचा ससा आहे. रंग खारकेसारखा, म्हणून लेकीनं नाव ठेवलं खारीक. गेले पंधरा दिवस त्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, कोंडा दिसतोय. कणीक चाळल्यावर चाळणीत उरतो ना, अगदी तसा. हात फिरवला की केसांचा पुंजका हातात येतो आणि त्याच्या मुळाशी तो कोंडा चिकटलेला असतो. खालची कातडी गुलाबी दिसते, पण जखम नाही. मधूनमधून खाजवतो. खाणं बरं आहे. गवतापेक्षा पोळी आणि बिस्कीट जास्त आवडतं, पण तो पहिल्यापासूनच खवय्या आहे. गळ्याखाली जरा ओलं असतं, ते पाणी पिताना भिजत असावं.

आम्ही सांगलीत राहतो. इथल्या एका डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी म्हशी बघतो, सशातलं मला फारसं कळत नाही." प्राण्यांच्या दुकानातून कुत्र्याच्या गोचिडांवरचं मानेवर टाकायचं औषध दिलंय. दुकानदार म्हणाला सशालाही चालतं. अजून उघडलं नाहीये. सासूबाई म्हणतायत हळद आणि खोबरेल लाव. लेक नऊ वर्षांची आहे, खारकेला कुशीत घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. आणि चार दिवसांपासून माझ्या मनगटावर बारीक लाल पुरळ उठलंय, रात्री फार खाजतं.

त्याला शाम्पूनं आंघोळ घालू का? ते औषध टाकू का? की हे नुसतं केस गळणं आहे? पावसाळ्यात असं होतं का?

रानजाई

ताई, बाकी सगळं नंतर. त्या औषधाच्या खोक्यावर फिप्रोनिल लिहिलंय का ते आत्ता बघा. लिहिलं असेल तर उघडू नका, घरातच ठेवू नका. कुत्र्यामांजरांना ते चालतं, सशांना झटके येतात.

चाफेकळी

हो, तेच लिहिलंय. हात थरथरला वाचून. परत करून येते.

सोनचिरी

मी हे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते. आमची भुरी अशीच गेली. अंगावर पिसवा दिसल्या म्हणून दुकानातून हेच औषध आणलं, मानेवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ती खाईना. एका कोपऱ्यात मान टाकून बसली. संध्याकाळी झटके सुरू झाले, डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत संपलं होतं. ज्यानं विकलं त्याला माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. चाफेकळी, तुम्ही विचारलंत हे किती चांगलं केलंत.

आबा_कुडाळ

वाईट वाटलं सोनचिरी.

चाफेकळी, माझं मत वेगळं आहे. ही विलायती औषधं हवीतच कशाला? आम्ही गुरांना पिढ्यान्‌पिढ्या करंजेल लावत आलो. गोचीड पडतात, खरूज जाते. सशाला थोडं कोमट करंजेल चोळा, दोन दिवस उन्हात ठेवा. कोंडा राहणार नाही.

रानजाई

आबा, गाय आपलं सगळं अंग चाटत नाही हो. ससा दिवसभर चाटतो. मानेवर लावलेलं पंजानं पुसून घेईल आणि पंजा तोंडात घालेल.

आबा_कुडाळ

मांजरं पण चाटतात. आमची मांजरं ठणठणीत आहेत.

गोठ्यातला_डॉक्टर

सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. माझेही पेशंट बहुतेक गाईम्हशीच, पण गेली काही वर्षं ससे बरेच येतात म्हणून लिहितो.

आबा, गोठ्यातल्या करंजेलाबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण मांजराला नको ते पोटात गेलं तर ते ओकून टाकतं, सशाला उलटी करताच येत नाही. गेलं ते गेलं. शिवाय तेलानं केस चिकटले की तो आणखी चाटतो, केस पोटात जातात आणि आतडं मंदावतं. आणि ऊन तर नकोच. सशाला घाम येत नाही, तो बराचसा कानांतून उष्णता बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो.

आता खारीक. सशाचं कातडं बघताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: नेमकं कुठे आहे? जागेवरून निम्मं कळतं.

मानेमागे आणि पाठीवर कोंडा, केस पुंजक्यानं निघतात, मुळाशी पापुद्रे, आणि पाळणाऱ्याच्या मनगटावर खाज. हे वर्णन चेलिटिएला नावाच्या माइटचं आहे. हा गोचिडाच्या जातकुळीतला अगदी बारीक जीव केसांच्या बुडाशी राहतो आणि कोंड्याखालून फिरतो. काळ्या कागदावर कोंडा झटकून भिंगानं बघितलं तर कधीकधी कोंडाच चालताना दिसतो. माणसाच्या अंगावर तो घर करत नाही. सशाचा इलाज झाला की तुमचं पुरळही हळूहळू जातं, तरी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात ससा आहे हे आवर्जून सांगा.

नाक, ओठ, पंजे, कानाच्या कडा इथं राखाडी, जाड, कडक खपल्या असतील तर ती खरूज. आपल्याकडे ती मी सर्वात जास्त बघतो आणि तीही माणसाला लागते. कानाच्या आत थरावर थर साचले असतील तर तो कानातला माइट. तिथं कापसाच्या काडीनं खपल्या उकरायला जाऊ नका, खाली कच्चं मांस असतं, ससा कळवळतो. औषध दिलं की आठदहा दिवसांत त्या आपोआप सुटतात. डोळ्याभोवती, नाकाडावर, पायाच्या बोटांवर केस गेलेले गोल चट्टे असतील तर बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा विचार करायचा.

पण हे सगळं अंदाज. कोंड्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, पाच मिनिटांचं काम आहे. म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांकडेही सूक्ष्मदर्शक असतो. माइट निघाले तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात, वजन करून. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून दहा ते चौदा दिवसांच्या अंतरानं दोनतीन वेळा द्यावं लागतं. एकदा देऊन बरं वाटलं म्हणून थांबणारे तीन आठवड्यांनी परत येतात. आणि गुरांच्या बाटलीतून घरी अंदाजानं देऊ नका. दोन किलोच्या जिवाला लागणारं औषध थेंबाच्या हिशेबात असतं.

आंघोळ नाही. ओला ससा लवकर गारठतो, घाबरतो. धरून ठेवलं तर मागच्या पायांनी असा जोर लावतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. हाडं हलकी, मांड्या दणकट, असा त्याचा बांधा.

कोंबडीवडे

डॉक्टर, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला. आमच्याकडे ससा नाही, पण शेजारी चार आहेत आणि सगळे प्रश्न आमच्याच स्वयंपाकघरात येतात :)

कल्याणची_सई

गजकर्णाचा आमचा अनुभव. टिकलीच्या, म्हणजे आमच्या सशाच्या, डोळ्याभोवती केस गेले. एका दवाखान्यात निळा दिवा मारून बघितलं, काही चमकलं नाही म्हणून "बुरशी नाही" असं सांगितलं. तोवर मुलाच्या गालावर गोल चट्टा. मी मेडिकलमधून कुणालाही न विचारता मलम आणलं. आठवड्यात लाली गेली. मला वाटलं संपलं. नंतर तो चट्टा दुप्पट झाला, मानेवर उतरला, मग नवऱ्याला, मग मला. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं. खाज दबते आणि बुरशी आत खुशाल वाढते. चार महिने औषधं चालली. टिकलीच्या केसांचा नमुना वाढवून बघितला तेव्हा बुरशीच निघाली.

कृपा करून कुणी तसली मलमं सशाला किंवा स्वतःला लावू नका.

गोठ्यातला_डॉक्टर

सई, सशांत बहुतेक वेळा ट्रायकोफायटन जातीची बुरशी असते. ती त्या दिव्याखाली चमकतच नाही. मांजरातली नेहमीची बुरशी बऱ्याचदा चमकते, म्हणून दिव्यावर विश्वास बसतो. आणि स्टिरॉइड सशाला माणसापेक्षाही वाईट. मलम चाटलं गेलं तरी त्याची प्रतिकारशक्ती खाली येते. घरातला अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिनचा डबाही लांब ठेवा. तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जुलाबानं जातो.

वऱ्हाडी_ठेचा

माह्याकडं एक ससा होता, नाव दाजी. मोठा रुबाबदार. एक दिवस सकाळी पाहातो तं छातीवरचे, पोटावरचे केस उपटून ढीग लावलेला. मले वाटलं खरूज झाली. नागपूरले पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या मॅडमनं पोट चाचपलं आन् हसत म्हणे, "खोक्यात गवत टाका, आज-उद्या बाळंतपण आहे." रात्री दाजीले सहा पिल्लं झाली बाप्पा!

कोंबडीवडे

दाजींचं अभिनंदन! घुगऱ्या कधी?

मँचेस्टरकर

दाजींचा किस्सा वाचून खूप हसले. पण केस उपटणं पाहून आम्हीही असेच घाबरलो होतो. आमची एकटीच सशीण, नराचा वारा नाही, तरी गळ्याखालचे केस उपटून घरटं केलं. डॉक्टर म्हणाल्या खोटं गरोदरपण. अडीच आठवड्यांत आपोआप ओसरलं. पुढे तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घेतलं.

इथं आणखी एक गोष्ट शिकले, ती कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात तितकीच लागू आहे. रोज शेपटीखाली बघा. लघवीनं किंवा मऊ लेंड्यांनी तिथले केस ओले, चिकट राहिले की माशी अंडी घालते. एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. इथं उन्हाळा लागला की सगळेच बजावत असतात. अळ्या दिसल्या तर तो रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा प्रसंग, सकाळची वाट बघायची नाही.

आबा_कुडाळ

हे मात्र खरं. वासराच्या नाळेत अळ्या पडलेल्या मी बघितल्यात, पावसाळ्यात काही तासांचा खेळ असतो.

उसाचा_फड

जरा विषयांतर. शिरोळ तालुक्यातला आहे. ऊसतोडीत दरवर्षी फडात सशाची पिल्लं सापडतात, लोक घरी नेतात. गेल्या हंगामात एकानं मला दिलं, त्याच्याही कानावर गोचीड होते. पाळता येईल का?

गोठ्यातला_डॉक्टर

नाही दादा. तो रानससा आहे, वेगळाच प्राणी. घरात पाळतो तो मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं अंगावर केस, डोळे उघडे अशी जन्मतात आणि उघड्यावरच दबा धरून बसतात. आई दिवसातून फार थोडा वेळ दूध पाजायला येते. त्यामुळे पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकलेलं नसतं. रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, पाळणं गुन्हा आहे. सापडलं तर त्याच फडाच्या बांधावर गवतात ठेवा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

उसाचा_फड

ते पिल्लू चौथ्या दिवशी गेलं होतं. गाईचं दूध पाजलं होतं. यंदा टोळीला आधीच सांगून ठेवतो.

रानजाई

मूळ मुद्द्याकडे येते. चाफेकळी, तुमचं एक वाक्य सारखं डोक्यात घोळतंय. "गळ्याखाली ओलं असतं" आणि "गवतापेक्षा पोळी-बिस्कीट आवडतं". आमच्या चिंगीचंही तसंच होतं. पाण्यानं नाही, लाळेनं ओलं होतं. दातांचं दुखणं निघालं. खारकेची हनुवटी आणि पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. तिथले केस चिकटून गुठळ्या झाल्यात का?

चाफेकळी

आत्ता बघितलं. हो. पंजांच्या आतले केस चिकटलेत. मी रोज बघत होते तरी दिसलं नव्हतं.

गोठ्यातला_डॉक्टर

रानजाई, शाबास. माझ्या नजरेतून सुटलं होतं हे.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. गवत चावताना दाढा आडव्या घासल्या जातात आणि झिजतात. पोळी, बिस्कीट, भात यांना चावायचं कामच नाही. मग दाढांना धारदार टोकं येतात, ती जिभेत, गालात रुततात. तोंड दुखतं म्हणून लाळ गळते, गळ्याखालची लोंबती कातडी सतत ओली राहून सडते. कधी तिथं एका जंतूची लागण होऊन पांढरे केस चक्क हिरवट-निळे होतात. आणि तोंड दुखतं म्हणून ससा अंग चाटणं सोडतो. हे माइट थोडेफार बऱ्याच सशांच्या अंगावर असतात, तो चाटून आटोक्यात ठेवतो. चाटणं थांबलं की ते माजतात. लठ्ठ सशाचंही तेच, पाठीपर्यंत तोंड पोचत नाही.

म्हणजे खारकेच्या मानेवरचा कोंडा कदाचित तोंडातून सुरू झाला असेल. दाढा तपासून घ्याच. भूल देऊन घासाव्या लागल्या तर रात्रभर उपाशी ठेवू नका. माणसाची पद्धत सशाला लावायची नाही. त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं.

सोनचिरी

गवत कोणतं द्यायचं? इथं लसूणघास सहज मिळतो.

गोठ्यातला_डॉक्टर

लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या सशिणीला. मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम फार, जादाचं सगळं लघवीतून जातं. लघवी कालवलेल्या चुन्यासारखी दाट होते, मागची कातडी पोळते. हरळी उत्तम. गणपतीला दूर्वा निवडता तशीच स्वच्छ, फवारणी नसलेली. सुकं गवत पोटभर, दिवसरात्र समोर. पावसाळ्यात गवताला बुरशीचा वास आला तर फेकून द्या. गाजर चवीपुरतं, त्यात साखर असते.

कोंबडीवडे

गाजर चवीपुरतं!! लहानपणीच्या चित्रकलेच्या वह्या फाडून टाकायच्या का आता?

चाफेकळी

उशिरा लिहितेय, माफ करा. तीन आठवडे धावपळ झाली.

आमच्या म्हशीवाल्या डॉक्टरांकडेच गेले. चिकटपट्टीचं सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना, बघू." काचेवर लावून बघितलं आणि मला बोलावून दाखवलं. आठ पायांचं, पिवळसर, हळूहळू सरकणारं. अंगावर काटा आला. त्यांनी पुण्याला एका मित्राला फोन करून डोस विचारून घेतला, वजनकाट्यावर खारकेला तोललं. दोन किलो आठशे ग्रॅम. दोन इंजेक्शनं झाली, तिसरं या शनिवारी. दाढांसाठी पुण्याला नेलं. डावीकडच्या दोन दाढांची टोकं जिभेला लागत होती, आत जखम होती. तो दोन वर्षांचा, त्यातले किती महिने दुखत असेल कोण जाणे. पोळी आवडते म्हणून मी कौतुकानं देत होते. त्याला दुसरं काही चावत नव्हतं.

घासून आणल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं हरळीची काडी उचलली. आम्ही तिघी, मी, लेक आणि सासूबाई, श्वास रोखून बघत होतो. संपवली. सासूबाई तशाच अंधारात परड्यात आणखी आणायला गेल्या.

माझं पुरळ गेलं. लेकीच्या पोटावरही दोन ठिपके होते, तेही गेले. अंथरुणं गरम पाण्यानं धुतली, पिंजऱ्यातलं लाकूड उन्हात टाकलं, सतरंजी बदलली. कोंडा नाही. पण आता एक नवीन: मानेवर केस येतायत ते सगळीकडे सारखे नाहीत, मधेच बेटासारखे ठिपके, आणि तिथली कातडी निळसर-काळी दिसते. परत काही झालं का?

मँचेस्टरकर

नाही नाही, ती चांगली खूण! सशाचे केस लाटेसारखे टप्प्याटप्प्यानं येतात. जिथं नवे केस उगवायला लागतात तिथली कातडी जाड आणि गडद होते. आमच्या हिमालयन जातीच्या सशिणीचं तर ऑपरेशनसाठी पोट भादरलं होतं, तिथं पांढऱ्याऐवजी काळे केस आले. त्या जातीत थंड कातडीवर काळा रंग उतरतो. म्हणून त्यांचे नाक, कान, पंजे काळे. पुढच्या वेळी केस बदलले तेव्हा परत पांढरे झाले.

गोठ्यातला_डॉक्टर

बरोबर. चाफेकळी, तिसरं इंजेक्शन चुकवू नका. दाढा दर दोनतीन महिन्यांनी दाखवा. एकदा वळण बिघडलं की त्या पुन्हा वाढतात. आणि तुमच्या त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आबा_कुडाळ

सगळा धागा दोनदा वाचला. आमच्या वाडीत एकाकडे पाच ससे आहेत, तारेच्या जाळीवर. काल जाऊन उलटे करून मागचे पाय बघितले. तिघांच्या टाचांचे केस गेलेले, एकाला लालभडक घट्टा, मधे फुटलेला. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. जाळीवर अर्धी फळी टाकून दिली. त्यावर गोणपाट घातलं तर चालेल का, की कुरतडून धागे पोटात जातील? करंजेल लावलेलं नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

आबा, गोणपाट नको, धागे जातील पोटात. फळीवर वाळलेल्या गवताचा चार बोटं जाड थर द्या, ओला झाला की रोज बदला. भाताचा पेंढा तुमच्याकडे मुबलक असेल, तोही चालेल, फक्त कोरडा हवा. फुटलेल्या टाचेवर घरी काही लावू नका. उद्याच डॉक्टरांकडे न्या. ती जखम हाडापर्यंत जाते.

आबा_कुडाळ

पेंढा आहे. उद्या सकाळच्या एसटीनं त्याला घेऊन सावंतवाडीला जातो. टोपलीत नेऊ की पिशवीत?

रानजाई

टोपलीत, आबा. वरून सुती कापड बांधा, हवा खेळू दे. सोबत हरळीची जुडी ठेवा.